दांडेकरांचे दारिद्र्यमापन

साताऱ्यात १९२० साली जन्मलेले वि. म. दांडेकर हे मूळचे संख्याशास्त्राचे अभ्यासक. पुण्याच्या गोखले संस्थेतील त्यांनी व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा अन्नावर आखली : रोज माणशी २,२५० उष्मांक. हिशेब चोख होता. पण दैन्य केवळ पोटाचे नसते. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे, हे दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात मोजले आणि सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष शासनापुढे मांडला. विदर्भ-मराठवाड्याच्या गाऱ्हाण्याला त्यामुळे आकड्यांचे बळ आले. मात्र मापाचा घटक जिल्हा! मुळशीतील घोटावडे आणि पुण्याचा डेक्कन जिमखाना एकाच सरासरीत बसले. मग घोटावड्यातला भूमिहीन निराळा कुठून दिसणार? १९९५ साली दांडेकर निवर्तले, तेव्हाही अनुशेषाचा वाद चालूच होता.