व्यसनी माणसाला गुन्हेगार नव्हे, पेशंट मानणाऱ्या डॉ. अनिता अवचट कोण होत्या?

ऐरोलीत राहणाऱ्या एखाद्या बाईने दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोडायच्या ठरवल्या, तर तिच्यापुढे औषधाच्या आधी दुसरेच प्रश्न उभे राहतात. महिनाभर दाखल व्हायचं तर मुलांना कोण सांभाळणार? सासरी काय सांगायचं? सोसायटीत कळलं तर? हे प्रश्न समजून घ्यायचे असतील, तर पुण्यातल्या एका डॉक्टरचं आयुष्य बघायला हवं.

डॉ. अनिता अवचट म्हणजे लेखक डॉ. अनिल अवचट यांच्या पत्नी. घरी त्यांचं नाव सुनंदा. दोघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे. पुढे अनिल अवचट लेखनाकडे वळले आणि अनिता मानसोपचाराकडे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या काम करायच्या.

ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, पुण्या-मुंबईच्या तरुण पोरांपर्यंत पोचली होती. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. नुसती हळहळ न करता त्यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी पैसे देऊ केले. पैसा आला, पण केंद्र चालवणार कोण? ही जबाबदारी अनिता यांनी घेतली आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं.

त्या काळात गर्दुल्ला म्हटलं की लोकांना पोलीस आठवायचे. अनिता यांच्यासाठी व्यसन हा आजार होता आणि समोरचा माणूस पेशंट. औषधांनी शरीराचा त्रास कमी होतो, पण माणूस पुन्हा नशेकडे का जातो, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. म्हणून मुक्तांगणमध्ये गटचर्चा, समुपदेशन, योग, संगीत आणि रोजची कामं हा उपचाराचाच भाग झाला. व्यसनातून बाहेर पडलेले लोक तिथेच कार्यकर्ते झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे कुटुंब. व्यसन एकाचं असलं तरी मार, कर्ज आणि बदनामी घरच्यांच्या वाट्याला येते. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी मुक्तांगणमध्ये 'सहचरी' हा गट चालतो. आपलं ऐकून घेणारं कुणीतरी आहे, हेच अनेकींसाठी नवीन असतं.

हे सगळं उभं राहत असतानाच अनिता यांना कॅन्सर झाला. आजारपणातही त्या काम करत राहिल्या. 1997 मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. अनिता यांच्या पश्चात महिलांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभागही सुरू झाला.

स्वतंत्र विभाग कशाला? कारण बाईचं व्यसन वेगळ्या वाटेने येतं. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 27.3 टक्के, तर महिलांचं 1.6 टक्के होतं. आकडा लहान, म्हणून बहुतेक केंद्रं पुरुषांना समोर ठेवूनच चालतात. पण बाईच्या शरीरावर दारूचा परिणाम लवकर होतो आणि लाजेपोटी ती उपचाराला उशिरा येते. अनेकींच्या मागे मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असतो. अशा बाईला पुरुषांच्या घोळक्यात बसवून सगळं सांग म्हटलं, तर ती गप्प होते. दरडावलं, कोंडलं, तर जुनी जखम पुन्हा उघडते.

त्यामुळे तिच्यासाठी वेगळी सुरक्षित जागा, महिला समुपदेशक, नाव गुप्त राहण्याची खात्री आणि मुलांची सोय हे सगळं उपचारातच धरावं लागतं. घरी परतल्यावर तिला पुन्हा त्याच मारहाणीत ढकललं जाणार नाही ना, हेही बघावं लागतं.

अनिता यांनी 1986 मध्ये गर्द घेणाऱ्या पोराला दोष देण्याआधी त्याचं ऐकून घेतलं. चाळीस वर्षांनंतरही व्यसनात अडकलेल्या बाईला ती वागणूक सहज मिळत नाही. तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल, तर केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. केंद्र निवडताना मात्र एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्याकडे महिलांसाठी वेगळी सोय आहे का?