रमाबाई रानडे

लोकर कोणत्या रंगाची घ्यावी, नमुना कोणता घालावा, हें आपल्या मंडळांत बोलणें निघालें कीं मला रमाबाई आठवतात. त्यांचा जन्म १८६२ सालीं देवराष्ट्रे गांवीं झाला. अकराव्या वर्षीं न्यायमूर्ति रानड्यांशीं लग्न झालें, तेव्हां अक्षरओळखहि नव्हती. पतीनें शिकविलें, घरांतल्या बायकांचा रोष सोसून त्या शिकल्या. १९०१ सालीं वैधव्य आलें. तरी १९०९ सालीं देवधरांच्या साहाय्यानें त्यांनीं पुण्यांत सेवासदन काढलें. तेथें शिवण, विणकाम, रोग्यांची शुश्रूषा शिकून कित्येक निराधार बायका स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या. १९२४ सालीं रमाबाई वारल्या. भगिनींनो, सुया हौसेनें हातीं घ्याव्या, पण मुलींना टांके नीट शिकवावे. वेळप्रसंगीं तेच उपयोगी पडतात.