ड्रॅक्युलाचा जनक

आयर्लंडची राजधानी डब्लिन. या शहरालगत समुद्रकाठी क्लॉनटार्फ नावाची वस्ती आहे. तेथे ८ नोव्हेंबर १८४७ रोजी अब्राहम स्टोकर याचा जन्म झाला. वडिलांचे नावही अब्राहमच होते. म्हणून मुलाला पुढे सर्वजण ब्रॅम म्हणू लागले. त्या वेळी बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडात घोर दुष्काळ माजला होता. वडील डब्लिनच्या किल्ल्यातील सरकारी कचेरीत कारकून असल्यामुळे स्टोकर कुटुंबाचा निभाव लागला. घरात चिंता होती ती निराळीच. सात भावंडांपैकी हा तिसरा मुलगा काही केल्या पायांवर उभा राहीना. सात वर्षांचा होईपर्यंत तो अंथरुणाला खिळून होता. त्याचा आजार नेमका कोणता, याचा उलगडा आजवर झालेला नाही.

अंथरुणावरच्या या मुलाला मोठा आधार होता तो आईचा. शार्लट ही पश्चिम आयर्लंडातील स्लायगो गावची. १८३२ साली त्या गावी पटकीची भयंकर साथ आली, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. घरेच्या घरे ओस पडली, रस्ते निर्मनुष्य झाले. प्रेते पुरण्याच्या घाईत अजून धुगधुगी असलेल्या माणसांनाही मातीआड केले जाते, असे लोक उघड बोलत. त्या साथीच्या आणि आयर्लंडातील भुताखेतांच्या कथा शार्लट मुलाला सांगत असे. आजारी बालकापाशी असल्या गोष्टी काढू नयेत, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणेल. परंतु ब्रॅम त्या कधीच विसरला नाही. मोठेपणी त्याने आईकडून साथीच्या आठवणी मुद्दाम लिहून घेतल्या.

सातव्या वर्षानंतर त्याची प्रकृती सुधारली, आणि अशी सुधारली की डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात तो नामांकित खेळाडू म्हणून गाजला. तोही वडिलांप्रमाणे किल्ल्यातील कचेरीत रुजू झाला. तेथे त्याने न्यायकचेऱ्यांतील कारकुनांच्या कर्तव्यांविषयी एक जाडजूड पुस्तक लिहिले. ते १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. असे रुक्ष पुस्तक आज कोण वाचणार? परंतु कागद नीट लावणे, नोंदी अचूक ठेवणे, तारखा जुळवणे ही जी सवय त्या कचेरीत त्याच्या हाडीमासी खिळली, तिचा महिमा पुढे दिसून आला.

दिवसा कचेरी आणि रात्री नाटक असा त्याचा क्रम होता. एका दैनिकासाठी तो नाटकांची परीक्षणे लिही, तीही विनामोबदला. १८७६ साली हेन्री आयर्व्हिंग हा विख्यात इंग्रज नट डब्लिनला आला. त्याच्या हॅम्लेटवरील स्टोकरचे परीक्षण वाचून आयर्व्हिंगने त्याला भेटीस बोलावले. या भेटीने स्टोकरच्या आयुष्याला नवे वळण मिळाले. १८७८ मध्ये आयर्व्हिंगने लंडनचे लायसियम नाटकगृह हाती घेतले व स्टोकरला व्यवस्थापक म्हणून पाचारण केले. पेन्शनीची सरकारी नोकरी सोडून, फ्लॉरेन्स बाल्कम हिच्याशी विवाह करून, स्टोकर त्याच डिसेंबरात लंडनला गेला.

त्यानंतर सत्तावीस वर्षे त्याने आयर्व्हिंगची सेवा केली. हिशेब, तिकीटविक्री, नटांचे पगार, अमेरिकेचे दौरे, पाहुण्यांची सरबराई, सारे त्याच्याच शिरावर असे. आयर्व्हिंगच्या नावाने रोज ढीगभर पत्रे तो लिही. १८८२ मध्ये टेम्स नदीत एका मनुष्याने उडी टाकलेली पाहताच स्टोकरने बोटीवरून पाण्यात झेप घेतली व त्याला वर काढले. तो मनुष्य वाचला नाही. स्टोकरला मात्र या धाडसाबद्दल पदक मिळाले.

लायसियममध्ये थोरामोठ्यांचा राबता असे. सर रिचर्ड बर्टन या प्रवाशाशीही स्टोकरची ओळख होती. याच बर्टनने आपल्या वेताळपंचविशीतील कथा इंग्रजीत आणून १८७० मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या व शीर्षकात वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले होते. खरे पाहता दोघांत साम्य थोडेच. आपला वेताळ राजाला कोडी घालतो; व्हॅम्पायर जिवंत माणसांचे रक्त पितो.

व्हॅम्पायरची कल्पना स्टोकरच्या डोक्यातून निघालेली नव्हे. पूर्व युरोपातील खेड्यांत ही समजूत फार जुनी. तेथला व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातून उठणारे, फुगलेले, ओंगळ प्रेत. त्याला प्रथम उमरावी थाट दिला तो पॉलिडोरी या तरुण डॉक्टरने, १८१९ मध्ये छापलेल्या आपल्या कथेत. पुढे शेरिडन ल फानू या डब्लिनच्याच लेखकाने ‘कार्मिला’ लिहून त्याला एका सुंदर तरुणीचे रूप दिले. ज्या दैनिकात स्टोकर परीक्षणे लिही, त्याच्या मालकांत हा ल फानू होता.

१८९० च्या मार्चमध्ये स्टोकरने आपल्या कादंबरीची पहिली टिपणे केली. त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिट्बी या बंदरात विश्रांतीसाठी गेला. पण विश्रांती कसली! थडग्यांवरची नावे त्याने उतरून घेतली. १८८५ च्या वादळात तेथे किनाऱ्याला लागलेल्या रशियन जहाजाची हकीकत जाणत्यांकडून मिळवली. तेथील ग्रंथालयात वलाचिया प्रांताविषयीचे एक जुने पुस्तक त्याच्या हाती पडले आणि त्यात त्याला एक नाव सापडले: ड्रॅक्युला. तोवर त्याच्या टिपणांत पिशाच-सरदाराचे नाव नुसते ‘वाम्पिर’ असे होते. कथेतील सरदाराचा गढीवाडा ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरांत आहे, पण स्टोकर त्या मुलखात कधीही गेला नाही. सारा मुलूख त्याने पुस्तके, नकाशे आणि आगगाड्यांची वेळापत्रके यांतून उभा केला.

नाटकगृहाच्या कामातून उरलेल्या वेळात हे लेखन सात वर्षे चालले. २६ मे १८९७ रोजी ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली. ही कादंबरी सरळ निवेदनाची नाही. रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे, जहाजाच्या नोंदी असे कागद एकापुढे एक ठेवलेले आहेत. कथेतील माणसेही हेच करतात. सर्व कागद तारखांनुसार लावतात, टंकलिखित करतात आणि त्यांच्या आधारे शत्रूचा माग काढतात. अशक्य गोष्ट खरी भासावी, तर तिच्याभोवतीचा तपशील अगदी चोख हवा, हे कचेरीत वाढलेल्या त्या लेखकाने ओळखले होते.

पुस्तकाची स्तुती झाली, पण त्याने स्टोकर धनवान झाला नाही. आयर्व्हिंगने ड्रॅक्युलाची भूमिका कधीच केली नाही. १८९८ मध्ये नाटकांच्या पडद्यांचे कोठार जळाले आणि लायसियमचे वैभव ओसरू लागले. १९०५ मध्ये आयर्व्हिंग वारला. स्टोकरने त्याच्या आठवणींचे दोन खंड लिहिले. याच सुमारास त्याला पक्षाघाताचा झटका आला. तो लिहीत राहिला, पण पैशाची ओढाताण सरली नाही. २० एप्रिल १९१२ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले. मृत्युलेखांतून लोकांनी त्याला आठवले ते मुख्यतः आयर्व्हिंगचा व्यवस्थापक म्हणूनच. पुढल्या वर्षी त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा ‘ड्रॅक्युला’ची टिपणे जेमतेम दोन पौंडांना गेली. तीच टिपणे आज अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.

१९२२ मध्ये एका जर्मन मंडळीने पात्रांची नावे बदलून, परवानगी न घेताच, या कथेवर ‘नॉस्फेराटू’ नावाचा मूकपट काढला. फ्लॉरेन्स तेव्हा विधवा होती, पण ती डगमगली नाही. खटला लढवून तिने १९२५ मध्ये त्या चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा निकाल मिळवला. काही प्रती तरीही बचावल्या. गंमत अशी की, उन्हाच्या स्पर्शाने व्हॅम्पायर नाहीसा होतो, ही गोष्ट त्या चित्रपटातली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यांतून फिरतो. फक्त त्याची शक्ती तेव्हा उणी असते. तसेच मूळ पुस्तकात तो प्रथम भेटतो, तेव्हा पांढऱ्या लांब मिशांचा म्हातारा असतो. भारी पोशाखातील देखणा ड्रॅक्युला लोकांच्या मनात ठसला तो १९३१ च्या अमेरिकन बोलपटातील बेला लुगोसी या नटामुळे.

१९७६ मध्ये अ‍ॅन राइस या अमेरिकन लेखिकेने एक नवीच वाट धरली. तिच्या कादंबरीतील व्हॅम्पायर एका तरुण वार्ताहरासमोर बसून आपली जीवनकहाणी सांगतो. आपल्या हातून घडलेल्या हत्यांचे त्याला दुःख आहे. स्टोकरच्या पुस्तकात डॉक्टर लिहितो, वकील लिहितो, शिक्षिका लिहिते, जहाजाचा कप्तानही लिहितो. रोजनिशी नाही ती एकट्या ड्रॅक्युलाची.