जेम्स कुक

जेम्स कुक (२७ ऑक्टोबर १७२८ – १४ फेब्रुवारी १७७९) हे ब्रिटिश आरमारातील अधिकारी, नकाशाकार व समन्वेषक होते. पॅसिफिक महासागरातील तीन सफरींमुळे ते जगप्रसिद्ध झाले. परंतु सर्वेक्षक म्हणून त्यांची खरी कसोटी त्यापूर्वीच, सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) कॅनडातील क्वेबेकच्या वेढ्यात लागली होती.

पूर्वायुष्य

कुक यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील मार्टन या गावी एका शेतमजुराच्या घरी झाला. काही काळ दुकानात उमेदवारी केल्यावर ते व्हिटबी बंदरातील कोळशाच्या जहाजांवर नाविक झाले. १७५५ मध्ये ते साधे खलाशी म्हणून आरमारात दाखल झाले. १७५७ मध्ये ते परीक्षा देऊन मास्टर, म्हणजे जहाजाच्या मार्गनिर्धारणाची जबाबदारी असलेले अधिकारी झाले व पेम्ब्रोक या युद्धनौकेवर रुजू झाले.

सर्वेक्षणाचे शिक्षण

जुलै १७५८ मध्ये लुइसबर्ग पडल्याच्या दुसऱ्या दिवशी केनिंग्टन कोव्ह येथील किनाऱ्यावर लष्करी अभियंता सॅम्युएल हॉलंड तिपाईवर फळा ठेवून मोजणी करीत होते. कुक यांनी त्यांच्याकडून ही पद्धत शिकून घेतली. पेम्ब्रोकचे कप्तान जॉन सिम्को यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. जमिनीवरील काटेकोर मोजणी आणि समुद्रातील खोलीची मोजणी यांचा मेळ घालणे हे पुढे कुक यांच्या नकाशांचे वैशिष्ट्य ठरले.

क्वेबेकची मोहीम

१७५९ मध्ये ॲडमिरल साँडर्स यांचे आरमार जनरल वुल्फ यांच्या सैन्यासह सेंट लॉरेन्स नदीतून क्वेबेककडे निघाले. ऑर्लिअन्स बेटाजवळील ट्रॅव्हर्स हा वळणाचा, उथळ भागांनी भरलेला मार्ग सर्वांत धोक्याचा होता व तेथील खुणा फ्रेंचांनी काढून टाकल्या होत्या. कुक व इतर जहाजांचे मास्टर यांनी लहान होड्यांतून शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजली व मार्ग आखून दिला. त्यानंतर आरमार तेथून सुखरूप पार झाले.

पुढे बोपोरच्या किनाऱ्यासमोर, शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात मोजणी करावी लागली. हे काम बहुधा रात्री चाले. एका रात्री फ्रेंचांच्या मूलनिवासी साथीदारांनी कुक यांच्या होडीचा पाठलाग केला. ते मागच्या बाजूने होडीत चढत असतानाच कुक पुढून बेटावर उडी मारून निसटले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

३१ जुलै रोजी मॉन्टमोरेन्सी येथे सैन्य उतरवण्यात आले. आधाराची जहाजे किनाऱ्याच्या किती जवळ नेता येतील याविषयी वुल्फ यांनी कुक यांचे मत घेतले होते. प्रत्यक्षात ती अपेक्षेपेक्षा बरीच दूर रुतली, होड्या खडकाळ उथळ भागात अडकल्या आणि हल्ला फसला. ब्रिटिशांचे चारशेहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. अपुऱ्या मोजणीची किंमत किती मोठी असते, हे या दिवशी दिसून आले.

१३ सप्टेंबरच्या पहाटे सैन्य शहराच्या वरच्या बाजूस उतरले, तेव्हा फ्रेंचांची दिशाभूल करण्यासाठी आरमाराच्या होड्यांनी बोपोरसमोर उतरण्याची हूल दिली होती. १८ सप्टेंबरला क्वेबेक शरण आले. कुक यांच्या कामावर आधारित सेंट लॉरेन्सचा विस्तृत नकाशा पुढे लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

उत्तरायुष्य

१७६३ ते १७६७ या काळात कुक यांनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण केले. १७६८ मध्ये लेफ्टनंट होऊन ते एंडेव्हर जहाजावरून शुक्राच्या अधिक्रमणाच्या निरीक्षणासाठी ताहितीला गेले. या सफरीत त्यांनी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचे नकाशे तयार केले. दुसऱ्या सफरीत, जानेवारी १७७३ मध्ये, त्यांनी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले.

तिसऱ्या सफरीत हवाई बेटांवर एक होडी चोरीस गेल्यावर कुक यांनी तेथील राजाला ओलीस धरण्याचा प्रयत्न केला. त्यातून उसळलेल्या झटापटीत, केआलाकेकुआ उपसागराच्या किनाऱ्यावर ते मारले गेले.