ग्रंथविक्रेता ते ग्रंथसंग्राहक : ह्युबर्ट हाउ बँक्रॉफ्ट

व्यापारी माणूस आयुष्यभर माल घेतो आणि विकतो. दुकानात आलेला माल लवकर बाहेर जावा, त्यात गुंतलेले भांडवल मोकळे व्हावे, हा व्यवहाराचा पहिला पाठ होय. अशा व्यापारी वृत्तीत मुरलेल्या एका पुस्तकविक्रेत्याने आपल्याच दुकानातील काही माल विकायचा नाही असे ठरविले आणि त्या निश्चयातून एका संपूर्ण प्रदेशाचा इतिहास नष्ट होण्यापासून वाचला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताचे ग्रंथविक्रेते व इतिहाससंग्राहक ह्युबर्ट हाउ बँक्रॉफ्ट यांचे चरित्र म्हणूनच व्यापारी समाजाला विशेष बोधप्रद वाटावे असे आहे.

बालपण आणि उमेदवारी

बँक्रॉफ्ट यांचा जन्म ५ मे १८३२ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ग्रॅनव्हिल या लहान गावी झाला. घराणे कष्टाळू, धर्मनिष्ठ आणि काटकसरी होते. गुलामगिरीच्या अमानुष प्रथेला त्या घरात तीव्र विरोध होता. शेतावरील कामे करीत करीत मुलाचे थोडेफार शिक्षण झाले. मोठ्या विद्यालयाची पायरी चढण्याचा योग मात्र त्याला आला नाही.

थोरली बहीण सीलिया हिचे पती जॉर्ज डर्बी यांचे बफेलो शहरी पुस्तकांचे दुकान होते. १८४८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ह्युबर्ट तेथे उमेदवारीस दाखल झाला. प्रारंभी पुस्तकबांधणी आणि नंतर हिशेबाचे काम त्याच्याकडे आले; परंतु वरिष्ठांशी पटले नाही आणि त्याला घरी परतावे लागले. तेव्हा मेहुण्यांकडून पुस्तके घेऊन तो ओहायोतील गावोगावच्या दुकानदारांना ती विकू लागला. या फिरतीत त्याने इतके चांगले यश मिळविले की डर्बी यांनी त्याला सन्मानाने पुन्हा पेढीवर बोलावून घेतले. कोणते पुस्तक कोठे खपते, कोणाला किती उधारी द्यावी, वसुली कशी करावी, हे सारे ज्ञान त्याला या रस्त्यावरच्या शाळेत मिळाले.

सोन्याच्या प्रदेशात

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि त्याच वर्षी तो प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. जगभरातून माणसांचा लोंढा तिकडे वाहू लागला. डर्बी यांनी दूरदृष्टीने विचार केला की जेथे माणसे जातात तेथे पुस्तकेही लागतात. १८५२ साली विशीतील बँक्रॉफ्ट हे जॉर्ज केनी या सहकाऱ्यासह पनामामार्गे समुद्रप्रवास करून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. पुस्तकांचा माल मागाहून जहाजाने यावयाचा होता.

परंतु नियतीची योजना निराळी होती. मालापाठोपाठ डर्बी यांच्या निधनाची वार्ता आली. पाठीशी भांडवल नाही, परका मुलूख आणि हाती दिवंगत मेहुण्याचा माल, अशी ती अवस्था. दोघा तरुणांनी तो माल विकला आणि त्याची रक्कम डर्बी यांच्या कुटुंबाकडे पाठविली. त्यानंतर बँक्रॉफ्ट यांनी क्रेसेंट सिटी या किनाऱ्यावरील नव्या वसाहतीत एका व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी पत्करली आणि जोडीने थोड्या पुस्तकांचा व्यापारही केला.

या सचोटीचे फळ पुढे मिळाले. १८५५ साली ते पूर्वेकडे गेले असता विधवा बहीण सीलिया हिने साडेपाच हजार डॉलरचे भांडवल त्यांच्या हाती ठेवले. या भांडवलावर आणि न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या उधारीवर १८५६ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे एच. एच. बँक्रॉफ्ट आणि कंपनी ही पेढी उभी राहिली. पुस्तके, लेखनसाहित्य, कायद्याचे ग्रंथ, शालेय पुस्तके, नकाशे अशा एकेक शाखा तिला फुटत गेल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात पूर्वेकडील कागदी चलनाचा भाव घसरला, तर कॅलिफोर्नियातील व्यवहार सोन्यातच होत राहिले. पूर्वेकडे कागदी चलनात खरेदी आणि पश्चिमेकडे सोन्यात विक्री, या फरकाचा पेढीला मोठा लाभ झाला.

पाऊणशे पुस्तकांपासून प्रारंभ

पेढीतर्फे पॅसिफिक किनाऱ्यावरील राज्यांची माहिती देणारी एक पुस्तिका काढण्याचे ठरले होते. १८५९ च्या सुमारास तिचे काम पाहणाऱ्या विल्यम नाइट यांच्या टेबलाजवळ दुकानातील कॅलिफोर्नियाविषयक सर्व पुस्तके एकत्र आणून ठेवली गेली. ती पन्नास ते पाऊणशेच्या दरम्यान भरली. निरनिराळ्या फळ्यांवर विखुरलेली असताना त्या पुस्तकांचे कोणाला काही वाटले नव्हते. एकत्र मांडताच त्यांचे स्वरूप पालटले. ती विकू नयेत, उलट शहरातील इतर दुकाने धुंडाळून त्यांत भर घालावी, असे बँक्रॉफ्ट यांच्या मनाने घेतले.

प्रथम केवळ हौस होती. पूर्वेकडील शहरांत, पुढे लंडन व पॅरिस येथे व्यापारासाठी जाणे होई, तेव्हा जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घातली जात. १८६२ च्या सुमारास संग्रह हजारावर गेला. यापुढे फारसे काही उरले नसेल, असा समज होता. प्रत्यक्षात तो प्रारंभच होता. कॅलिफोर्नियाचा इतिहास मेक्सिकोवाचून कळत नाही, मेक्सिकोचा स्पेनवाचून कळत नाही, हे लक्षात येताच संग्रहाची सीमा उत्तरेस अलास्कापासून दक्षिणेस पनामापर्यंत वाढली. १८६६ पासून त्यांनी युरोपचा दीर्घ प्रवास करून स्पेनसह अनेक देशांत शोध घेतला.

या काळात त्यांनी एक तत्त्व ठरविले. कोणता कागद महत्त्वाचा आणि कोणता निरुपयोगी, हा निवाडा संग्राहकाने करावयाचा नाही. जाडजूड ग्रंथाबरोबर चार पानी चोपडे, वृत्तपत्राचे अंक, पंचांगे, जाहीरपत्रके, नकाशे हेही तितक्याच आस्थेने ठेवावयाचे. संग्रहाचे मोल त्याच्या पूर्णतेत असते, हे सत्य त्यांना व्यापाऱ्याच्या अनुभवाने उमगले होते.

१८६९ साली एक असामान्य संधी चालून आली. मेक्सिकोतील होसे मारिया आंद्रादे यांचा विख्यात ग्रंथसंग्रह सम्राट मॅक्सिमिलियनच्या राजग्रंथालयासाठी योजिला होता. १८६७ साली सम्राटाला गोळ्या घालून ठार करण्यात आले आणि तो संग्रह युरोपात नेऊन जर्मनीतील लाइपझिग येथे लिलावास काढण्यात आला. यादी हाती आली तेव्हा एकेक पुस्तक पाहून निवड करण्यास अवधी नव्हता. बँक्रॉफ्ट यांनी लंडनमधील आपल्या अडत्याला पाच हजार डॉलरपर्यंत खरेदी करण्याची मुभा दिली आणि निवड त्याच्या विवेकावर सोपविली. अशा रीतीने सुमारे तीन हजार दुर्मीळ ग्रंथ त्यांच्याकडे आले. ती संधी हुकती तर ते जगभर पांगले असते.

माणसांच्या आठवणी, दप्तरांच्या नकला

१८७० च्या सुमारास मार्केट स्ट्रीटवर पेढीची पाच मजली इमारत उभी राहिली आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय गेले. ग्रंथपाल हेन्री ओक यांच्या देखरेखीखाली संग्रहाची विषयवार सूची सुरू झाली. वाचलेल्या मजकुराची टिपणे चिठ्ठ्यांवर उतरवून विषयाप्रमाणे कागदी पिशव्यांत ठेवली जात. दुकानातील मालाची जशी व्यवस्थित नोंद असते तशीच व्यवस्था इतिहासाला लावली गेली.

तरीही छापील पुस्तकांत नसलेला इतिहास माणसांच्या स्मरणात आणि पेट्यांत पडून होता. सोनोमा येथील जनरल मारियानो वायेहो हे जुन्या स्पॅनिशभाषक कॅलिफोर्नियातील अग्रगण्य गृहस्थ. नव्या राजवटीत त्यांच्या विस्तीर्ण जमिनी हातच्या गेल्या होत्या. त्यांनी पूर्वी लिहिलेला इतिहासही घराला लागलेल्या आगीत जळाला होता. परक्या ग्रंथविक्रेत्यावर त्यांनी विश्वास ठेवावा तरी कसा? बँक्रॉफ्ट यांचे सहकारी एनरिके चेरुती यांनी १८७४ पासून मोठ्या चिकाटीने त्यांचे मन वळविले. आपल्या समाजाची बाजू लिहिली गेली नाही तर ती कायमची पुसली जाईल, हे त्या वृद्ध सेनानीला पटले. त्यांनी पाच खंडांच्या आठवणी सांगून लिहविल्या आणि आपली कागदपत्रेही स्वाधीन केली. अशाच प्रकारे अनेक वृद्ध स्त्रीपुरुषांच्या कथनांची नोंद झाली. बँक्रॉफ्ट यांच्या द्वितीय पत्नी मॅटिल्डा यांनीही या कामी मोलाचा हातभार लावला.

दुसरे मोठे कार्य सरकारी दप्तराचे होते. स्पॅनिश व मेक्सिकन अमदानीतील सुमारे तीनशे बाडे सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कचेरीत होती. ती विकत मिळणे शक्य नव्हते. तेव्हा १८७६ साली टॉमस सॅव्हेज यांच्या देखरेखीखाली लेखनिक बसवून त्यांच्या नकला व सारांश करून घेण्यात आले. त्या काळी कित्येकांना हा खर्च व्यर्थ वाटला असेल. त्याचे मोल तीस वर्षांनी कळावयाचे होते.

यश आणि अपयश

या संग्रहाच्या आधारे १८७४ ते १८९० या काळात त्यांच्या नावाने एकोणचाळीस खंड प्रसिद्ध झाले. त्यांच्या विक्रीसाठी दारोदार फिरणारे प्रतिनिधी नेमले गेले आणि हजारो संच खपले. परंतु चरित्र सांगताना उणी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. या खंडांचा फार मोठा भाग हेन्री ओक, फ्रान्सिस फुलर व्हिक्टर या विदुषी आणि इतर सहकारी यांनी लिहिला होता. मुखपृष्ठावर मात्र एकट्या मालकाचे नाव होते. श्रीमती व्हिक्टर यांनी पुढे आपण लिहिलेल्या खंडांवर स्वतःचे नाव घालून ते जाहीर प्रदर्शनात मांडले. इव्हान पेट्रॉफ या रशियन भाषांतरकाराने पुरविलेली काही कागदपत्रे बनावट असल्याचे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. पुढे काढलेल्या एका ग्रंथमालेत धनिकांची चरित्रे पैसे घेऊन छापल्याने टीकेचा भडिमार झाला. इतिहासातील काही मते न रुचल्याने कॅलिफोर्नियातील आद्य वसाहतकारांच्या संस्थेने १८९४ साली त्यांचे सन्माननीय सदस्यत्व काढून घेतले. पेढीत शोभणारी मालकी विद्येच्या क्षेत्रात शोभत नाही, हा धडा त्यांच्या चरित्रातून मिळतो.

अग्निदिव्य

आगीचे भय ओळखून १८८१ साली बँक्रॉफ्ट यांनी ग्रंथालय शहराच्या गजबजाटापासून दूर, व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरील स्वतंत्र विटांच्या इमारतीत हलविले होते. ३० एप्रिल १८८६ रोजी मार्केट स्ट्रीटवरील इमारतीला आग लागली. पेढी, छापखाना, छापून तयार असलेला माल यांची राख झाली. ग्रंथसंग्रह मात्र सुरक्षित राहिला.

या आघातातून सावरल्यावर संग्रहाच्या भवितव्याची चिंता त्यांना वाटू लागली. तो सार्वजनिक संस्थेकडे जावा म्हणून त्यांनी राज्य सरकारकडे प्रस्ताव ठेवला, पण वर्षामागून वर्षे गेली तरी निर्णय होईना. संग्रह फोडून सुटी पुस्तके विकली असती तर पैसा लवकर हाती आला असता. परंतु तो त्यांनी एकत्रच राखला. अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक हेन्री मॉर्स स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. गोव्याच्या इतिहासाशी निगडित अल्बुकर्क याचे चरित्र लिहिणारे ते हेच विद्वान. विद्यापीठाने विस्कॉन्सिन येथील तज्ज्ञ रूबेन थ्वेट्स यांच्याकडून संग्रहाची पारख करून घेतली. नोव्हेंबर १९०५ मध्ये अडीच लाख डॉलरला व्यवहार ठरला आणि त्यांतील एक लाख डॉलर बँक्रॉफ्ट यांनी स्वतः देणगी म्हणून सोडले.

व्यवहार होऊन पाच महिनेही झाले नाहीत तोच, १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला भीषण भूकंपाचा हादरा बसला आणि त्यामागून लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. मार्केट स्ट्रीटवरील बँक्रॉफ्ट यांची इमारत पुन्हा एकदा नष्ट झाली. सरकारी कचेरीतील ती तीनशे बाडेही जळून गेली. परंतु व्हॅलेन्सिया स्ट्रीटपर्यंत आग पोहोचली नाही. दप्तराच्या नकला वाचल्या, वायेहो यांच्या आठवणी वाचल्या, आंद्रादे यांचे ग्रंथ वाचले. पुढच्याच महिन्यात सारा संग्रह बर्कली येथील विद्यापीठात नेण्यात आला. मूळ दप्तर गेले, पण व्यर्थ मानल्या गेलेल्या नकलांवरच पुढे त्या काळच्या इतिहासाचा अभ्यास होऊ लागला.

२ मार्च १९१८ रोजी वॉलनट क्रीक येथे, वयाच्या ८५ व्या वर्षी बँक्रॉफ्ट यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचे बँक्रॉफ्ट ग्रंथालय आज लाखो ग्रंथांनी समृद्ध असून जगभरातील अभ्यासक तेथे येतात. त्यांनी बांधलेल्या इमारती अग्नीने नेल्या, पेढीचा व्यापार काळाबरोबर संपला. जे विकावयाचे नाही म्हणून बाजूला ठेवले, तेच टिकले.

प्रत्येक घरात जुन्या चोपड्या, खतावण्या, पत्रे आणि हस्तलिखिते कोठेतरी माळ्यावर पडून असतात. रद्दीच्या तराजूत टाकण्यापूर्वी ती एकवार एकत्र मांडून पाहावीत. पाऊणशे पुस्तके एका टेबलावर आली, एवढ्यानेच या चरित्राचा प्रारंभ झाला होता.