न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला
आनंद नारायण मुल्ला यांचा जन्म १९०१ साली लखनौ येथे झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि उर्दू कवी म्हणून त्यांचा लौकिक होता. १९६७ साली लखनौच्या मतदारांनी त्यांना अपक्ष उमेदवार म्हणून लोकसभेत निवडून दिले. पुढे ते राज्यसभेचेही सदस्य झाले. १९८० साली केंद्र सरकारने तुरुंग सुधारणेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्या कैद्यांपासून वेगळे ठेवावे, कैद्यांच्या श्रमांना रास्त वेतन मिळावे आणि सुटकेनंतर त्यांचे पुनर्वसन व्हावे, अशा शिफारशी समितीने १९८३ साली केल्या. शिक्षेने माणसाचे स्वातंत्र्य जाते, माणूसपण जात नाही, हीच त्यांमागील दृष्टी होती. अनेक शिफारशी दीर्घकाळ कागदावरच राहिल्या. १९९७ साली मुल्ला यांचे निधन झाले. परंतु तुरुंग सुधारणेच्या चर्चेत त्यांच्या अहवालाचा आधार आजही घेतला जातो.