चौथी शिकलेल्या शेतकऱ्याने कर्जबाजारी गावांना कारखान्याचं मालक केलं, विठ्ठलराव विखे पाटलांची गोष्ट

बँकेच्या ठेवीपेक्षा जास्त परतावा हवा असेल तर जगभरातल्या हाय-यील्ड बॉण्ड फंडात पैसे टाका, असा सल्ला हल्ली मोबाईलवर हमखास दिसतो.

या फंडाचं गणित सोपं आहे. ज्या कंपन्यांची पत कमी, त्यांना कर्ज द्यायचं. पत कमी म्हणून व्याज जास्त घ्यायचं. एखादी कंपनी बुडाली तरी बाकीच्यांच्या व्याजातून तोटा भरून निघावा म्हणून अशी शेकडो कर्जं एकत्र करायची. गुंतवणूकदाराला परताव्याचा आकडा दिसतो. ते व्याज कोण भरतंय आणि कुठून भरतंय, ते मात्र दिसत नाही.

नगर जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी हेच गणित चालायचं. फरक इतकाच की इथला कमी पतीचा कर्जदार म्हणजे शेतकरी होता आणि जास्त व्याज घेणारा गावचा सावकार. पाऊस बेभरवशाचा, म्हणून व्याज चढं. व्याज चढं, म्हणून कर्ज फिटत नाही. कर्ज फिटत नाही, म्हणून पत आणखी घसरते. या चक्रातून गावांना बाहेर काढायचा ध्यास एका माणसाने घेतला. त्याचं नाव विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील.

जन्मच दुष्काळातला

विठ्ठलरावांचा जन्म 1897 च्या नारळी पौर्णिमेचा, आजच्या राहाता तालुक्यातल्या लोणी बुद्रुक गावातला. त्याच सुमाराला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. घर शेतकऱ्याचं. शिक्षण झालं जेमतेम चौथीपर्यंत.

सावकारीची गोष्ट या भागाला नवी नव्हती. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि त्यांचे कर्जरोखे जाळले. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. इतिहासात ते दख्खनचे दंगे म्हणून ओळखले जातात. शेतकऱ्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर जास्त होता, कारण त्या कागदांवरच जमिनी जात होत्या. इंग्रज सरकारने 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. पण कायद्याने जुनं कर्ज थोडं आवरलं तरी पुढच्या पेरणीला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न तसाच राहिला. त्यासाठी पुन्हा सावकाराचंच दार.

शेजाऱ्याचं कर्ज बुडालं तर आपणही बुडणार

1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. गावातल्या लोकांनी एकत्र येऊन संस्था काढायची, थोडे थोडे पैसे जमवायचे आणि सभासदांनाच कमी व्याजाने कर्ज द्यायचं.

पण त्यात एक मेख होती. त्या काळी गावातल्या पतसंस्थांची जबाबदारी साधारणपणे अमर्याद असायची. म्हणजे संस्था बुडाली तर देणेकरी कुठल्याही सभासदाच्या घरादारापर्यंत पोहोचू शकत. आज फंडात पैसे टाकणाऱ्याचं नुकसान फार तर टाकलेल्या रकमेएवढं होतं. इथे शेजाऱ्याने कर्ज बुडवलं तर आपलं शेत धोक्यात यायचं.

1923 मध्ये विठ्ठलरावांनी लोणी बुद्रुकला पतपेढी सुरू केली, तेव्हा ते पंचविशीत होते. अशी पतपेढी चालवायची तर कर्ज कोणाला द्यायचं यापेक्षा कोणाला नाही म्हणायचं हे कळावं लागतं. कोणाचं पीक कसं आहे, कोण पैसे शेतात घालतो आणि कोण लग्नात उडवतो, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं. लांबच्या बँकेकडे नसलेली ही माहिती हेच पतपेढीचं खरं तारण होतं.

तरीही सहकाराचा आवाका किती छोटा होता, ते पुढे एका पाहणीतून दिसलं. 1951-52 मध्ये झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीनुसार शेतकऱ्याच्या शंभर रुपयांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन रुपये होता आणि सावकारांचा जवळपास सत्तर. म्हणजे 1904 च्या कायद्याला जवळपास पन्नास वर्षं होत आली होती, तेव्हाची ही अवस्था.

पाणी आलं, पैसा नाही

दरम्यान नगरच्या उत्तर भागाचं चित्र बदललं. प्रवरा नदीवर भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झालं आणि कालव्यांचं पाणी शेतात आलं. ऊस उभा राहिला. शेतकऱ्याचे दिवस पालटायला हवे होते. तसं झालं नाही.

ऊस हे खर्चिक पीक. खत, मजुरी, पाणीपट्टी, सगळं आधी घालावं लागतं. उसाचा गूळ करून बाजारात न्यायचा तर भाव अडत्याच्या हातात. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा पाण्याखालच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कोरडवाहूवाल्यापेक्षाही जास्त कर्ज होतं.

साखर कारखाने निघाले, पण खासगी. बेलापूर शुगर कंपनीचा कारखाना हरिगावला होता. असे कारखाने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवत. जमीनमालक आपल्याच शिवारात खंडकरी म्हणून ओळखला जाऊ लागला. साखरेचा नफा कारखान्याकडे आणि शेतकऱ्याच्या हाती ठरलेला खंड.

म्हणजे पिकवण्याची जोखीम असो की बाजाराची, ती शेतकऱ्याच्या वाट्याला होती. नफा दुसरीकडे जात होता. कमी व्याजाच्या कर्जाने हे दुखणं बरं होणार नव्हतं, हे विठ्ठलरावांच्या लक्षात आलं. शेतकऱ्याला कारखान्याचा मालकच करायला हवं होतं.

प्राध्यापक आणि शेतकरी

1945 च्या डिसेंबरमध्ये बेलापूरला कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचा साखर कारखाना काढावा, ही कल्पना त्यांनी मांडली.

भाषण ऐकून लोक घरी गेले असते तर विषय तिथेच संपला असता. विठ्ठलरावांनी तो उचलला. एकीकडे जगभरातलं अर्थशास्त्र अभ्यासलेला प्राध्यापक आणि दुसरीकडे चौथी शिकलेला शेतकरी, अशी जोडी जमली. भांडवलाचं आणि कायद्याचं गणित गाडगीळांकडे, तर गावांचा विश्वास विठ्ठलरावांकडे.

मग सुरू झालं सगळ्यात अवघड काम, शेअर विकणं. ज्यांच्या डोक्यावर कर्ज, त्यांच्याकडेच पैसे मागायचे. तेही अशा कारखान्यासाठी, जो अजून कागदावरही धड नव्हता. खंडाने गेलेल्या जमिनी लोकांच्या डोळ्यांसमोर होत्या. कागदावर अंगठा दिला की जमीन जाते, हा गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. कारखाना उभा राहिला नाही तर पैसे गेले. उभा राहिला आणि चालला नाही तरी गेले.

विठ्ठलराव आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. शेतकऱ्याने शेअर घेतला तो कंपनीची पत बघून नव्हे, समोर बसलेल्या माणसाची पत बघून. लोणीच्या पतपेढीची वीस-बावीस वर्षं इथे कामी आली.

उरलेली जोखीम कोणी घेतली?

शेतकऱ्यांच्या शेअरमधून कारखान्याची यंत्रं येणार नव्हती. मोठं कर्ज लागणार होतं आणि शेतकऱ्यांच्या नव्या संस्थेची पत कोण मानणार?

तेव्हा मुंबई राज्याचं अर्थ आणि सहकार खातं वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होतं. ते स्वतः सहकारी चळवळीतले. राज्य सरकारने कारखान्याचे शेअर घेतले आणि कर्जाला हमीही दिली. 1948 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं.

हमीमुळे नेमकं काय झालं, ते समजून घ्यायला हवं. हमीने जोखीम नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. कारखाना बुडाला असता तर सरकारने, म्हणजे करदात्यांनी पैसे भरले असते. म्हणूनच शेतकऱ्यांच्या संस्थेला चढं व्याज न मोजता कर्ज मिळू शकलं. पुढे महाराष्ट्रात अनेक सहकारी साखर कारखाने आजारी पडले, तेव्हा या हमीचा बोजा काय असतो हेही राज्याने पाहिलं.

प्रवरेचा कारखाना मात्र उभा राहिला. 1950-51 च्या हंगामात पहिलं गाळप झालं. गाडगीळ अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. पुढे अध्यक्षपद विठ्ठलरावांकडे आलं.

या कारखान्याला अनेकदा आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हटलं जातं. खरं तर आंध्रातल्या एटिकोप्पाका इथे 1933 मध्येच असा कारखाना निघाला होता. पण महाराष्ट्रातला पहिला यशस्वी आणि पुढच्या शेकडोंना वाट दाखवणारा कारखाना प्रवरेचाच.

परतावा आला, पण लाभांशातून नव्हे

शेअर घेतलेल्या शेतकऱ्याला काय मिळालं?

सहकारी संस्थेत लाभांशावर कायद्याची मर्यादा असते. फक्त लाभांश बघितला तर ही गुंतवणूक फिकी वाटेल. खरा परतावा आला उसाच्या भावातून. खर्च वजा जाता साखरेतून राहिलेला पैसा सभासदाला उसाच्या दरात मिळायचा. वर ऊस जाण्याची शाश्वती आणि स्वतःचं मत. शेअर कितीही असोत, मत एकच.

उसाच्या बिलातून थोडी रक्कम ठेव म्हणून कापायची आणि तिच्यातून परिसरात काम उभं करायचं, ही पद्धतही रुजली. 1964 मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली, मग शाळा, महाविद्यालयं आणि रुग्णालय आलं. लोणीजवळ प्रवरानगर उभं राहिलं.

1961 मध्ये पंतप्रधान नेहरू प्रवरानगरला आले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. 27 एप्रिल 1980 रोजी त्यांचं निधन झालं. तोवर सहकारी साखर कारखानदारीने राज्याचं अर्थकारण आणि राजकारण दोन्ही बदललं होतं. त्यातून नवी घराणी आणि नवे सत्ताधीशही तयार झाले, आणि सहकार मूठभरांच्या हाती गेल्याची टीकाही झाली. नारळी पौर्णिमेला महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस शेतकरी दिन म्हणून पाळतात.

आज लोणीतून मोबाईलवर दोन मिनिटांत परदेशी कंपन्यांच्या कर्जात पैसे गुंतवता येतात. त्यात गैर काही नाही. पण विठ्ठलरावांकडून शेअर घेणाऱ्या शेतकऱ्याला तीन गोष्टी ठाऊक होत्या: पैसा कुठे जातोय, तो कोण वापरतोय आणि बुडाला तर कोणाचा बुडणार. जास्त व्याजाचा आकडा पाहून हात शिवशिवले की हे तीन प्रश्न आधी विचारावेत. ज्या गावांनी सावकाराचं व्याज भरलंय, त्यांना जास्त व्याज फुकट येत नाही हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.